घरातून उघडत नाही, म्हणजे बाहेरूनही बंद?

परवा कोथरूडहून भाचीचा फोन आला. "मामा, पोर्ट फॉरवर्डिंग तीनदा केलं, तरी साइट उघडतच नाहीये. राउटर गेलाय बहुतेक. नवा घेऊ का?" तिने गच्चीवर पर्जन्यमापक बसवलाय, त्याचे आकडे घरातल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरून वेबपानावर दिसतात. बाहेरून येणारी हाक या पायकडे वळवायची सूचना राउटरला देणं, म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग.

"बघतेस कुठून?"

"घरातूनच की, लॅपटॉपवर."

"मोबाइलचं वाय-फाय बंद कर आणि डेटावरून बघ."

पान लगेच उघडलं. सकाळपासून १४ मिलिमीटर.

राउटर धडधाकट होता, फॉरवर्डिंगही बरोबर होतं. चूक तपासायच्या जागेत होती, आणि तिच्यामागचं कारण मला फार आवडतं.

घरातल्या यंत्रांना राउटर १९२.१६८ने सुरू होणारे खासगी पत्ते वाटतो. हेच पत्ते लाखो घरांत असतात, त्यामुळे बाहेर ते चालत नाहीत. बाहेरच्या जगासाठी अख्ख्या घराचा एकच पत्ता, समजा २०३.०.११३.२५. तिथे ८० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे वेबपानांसाठीच्या ठरलेल्या दारावर, कुणी आलं की राउटर पॅकेटवरचा 'प्रति' खोडून पायचा पत्ता लिहितो, १९२.१६८.१.२०. उत्तर बाहेर जाताना 'प्रेषक' म्हणून पुन्हा घराचा सार्वजनिक पत्ता घालतो. या खाडाखोडीला नॅट म्हणतात.

आता हीच हाक घरातला लॅपटॉप मारतो, १९२.१६८.१.७. राउटर 'प्रति' बदलून पॅकेट पायकडे देतो. पाय प्रेषक बघतो: हा तर आपल्याच नेटवर्कमधला! मग उत्तर पत्ते बदलणाऱ्या राउटरकडे कशाला पाठवायचं? तो थेट लॅपटॉपला देतो. पण लॅपटॉपने हाक मारली २०३.०.११३.२५ला आणि ओ दिली १९२.१६८.१.२०ने. या पत्त्याशी आपलं बोलणंच सुरू नाही, म्हणून लॅपटॉप ते उत्तर झिडकारतो. ब्राउझर वाट बघून थकतो. काही राउटर अशा वेळी प्रेषकाच्या जागी स्वतःचा पत्ता घालतात, म्हणजे उत्तर त्यांच्याकडूनच परत जातं. याला नॅट लूपबॅक म्हणतात. भाचीच्या राउटरमध्ये ते नव्हतं.

इथे ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊन काहीही होत नाही, वेगाचा संबंधच नाही. तिच्या राउटरवर कुणीतरी विकलेला 'रेडिएशन शोषणारा' स्टिकरही चिकटवलेला होता. तो खरोखर लहरी शोषत असता, तर पलीकडच्या खोलीत वाय-फाय पोचलंच नसतं. असल्या वस्तूंवर पैसे घालवू नका.

मोबाइल डेटावरूनही उघडलं नाही, तर राउटरच्या पानावर 'वॅन'चा, म्हणजे राउटरच्या बाहेरच्या बाजूचा, पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर इंटरनेट कंपनीकडे आणखी एक नॅट बसलेलं आहे. आयपीव्ही४चे, म्हणजे वरच्यासारखे चार आकड्यांचे, एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी, आणि त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११मध्येच संपला. २०१२मध्ये हा पट्टा अशा सामाईक नॅटसाठी राखून ठेवला गेला. तिथे घरातल्या राउटरवर कितीही नियम लिहा, बाहेरची हाक तुमच्यापर्यंत येतच नाही. कंपनीकडे सार्वजनिक पत्ता मागायचा किंवा आयपीव्ही६, म्हणजे कितीतरी जास्त पत्ते असलेली नवी पद्धत, वापरायची.

भाची आता घरात सरळ १९२.१६८.१.२० उघडते. तो पत्ता तिने राउटरमध्ये पायसाठी राखूनही ठेवलाय. नाहीतर एखाद्या दिवशी वीज गेली, पायला दुसरा पत्ता मिळाला, की फॉरवर्डिंग रिकाम्या खोलीचं दार ठोठावत बसायचं.