खेळते भांडवल : बडोद्यातील लघुउद्योगांच्या संदर्भात

कच्चा माल विकत घेतल्यापासून तयार मालाचे पैसे हाती येईपर्यंत व्यवसायात गुंतून राहणाऱ्या रकमेस खेळते भांडवल म्हणतात. यंत्र वा इमारत घेण्यासाठी कर्ज काढताना तीच मालमत्ता तारण ठेवता येते. खेळत्या भांडवलाचा बराचसा भाग मात्र गिऱ्हाइकाकडील उधारीच्या रूपात असतो आणि ती उधारी वसूल होईल याची खात्री सावकाराला वा बँकेला पटवावी लागते. विकसनशील देशांत लघुउद्योगांची कुचंबणा प्रामुख्याने येथे होते.

बडोदे (वडोदरा) संस्थानात अर्थपुरवठ्याची सूत्रे दीर्घकाळ सावकारी पेढ्यांच्या हाती होती. हरिभक्ती, गोपाळराव मैराळ यांसारख्या पेढ्या थेट गायकवाड सरकारलाही कर्ज देत. १८०२ च्या सुमारास अरब शिबंदीचा (भाडोत्री फौजेचा) थकलेला पगार चुकवण्यासाठी दरबाराने काढलेल्या कर्जाला ईस्ट इंडिया कंपनीने हमी दिली, म्हणजे खुद्द राजसत्तेलाही जामिनावाचून उधार मिळेना! मोठ्या पेढीवर पत नसलेल्या मध्यमवर्गीयांनी वेगळी वाट काढली. विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने १८८९ मध्ये स्थापन झालेली अन्योन्य सहायकारी मंडळी ही भारतातील आद्य सहकारी पतसंस्था मानली जाते. सहकारी पतसंस्थांचा कायदा त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९०४ मध्ये आला. पुढे जुलै १९०८ मध्ये सयाजीराव महाराजांच्या प्रेरणेने दहा लाख रुपयांच्या वसूल भांडवलावर बँक ऑफ बडोदा सुरू झाली. १९६९ मध्ये तिचे राष्ट्रीयीकरण झाले.

आज मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील छोट्या कारखान्याला बँक सहसा कॅश क्रेडिट खाते, म्हणजे माल व येणी तारण ठेवून ठरावीक मर्यादेपर्यंत हवे तेव्हा पैसे उचलण्याची सोय, देते. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या नायक समितीच्या १९९२ च्या शिफारशीनुसार लघुउद्योगासाठी खेळत्या भांडवलाची मर्यादा अंदाजित वार्षिक उलाढालीच्या किमान २० टक्के धरली जाते. परंतु मंजूर मर्यादा आणि प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम, म्हणजे ड्रॉइंग पॉवर, या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि जाच आहे तो दुसरीचा. समजा, एखाद्या कारखान्यात आठ लाखांचा माल आहे, त्यापैकी दोन लाखांचे पुरवठादारांचे देणे बाकी आहे आणि बारा लाखांची येणी आहेत. हे देणे आणि मग उरलेल्या रकमेवर २५ टक्के मार्जिन (उद्योजकाने स्वतः घालायचा हिस्सा) वजा केल्यास साडेतेरा लाख उचलता येतात. त्या येण्यांतील चार लाखांचे एक बिल नव्वद दिवसांपलीकडे गेले की बँक ते हिशेबातून वगळते आणि ड्रॉइंग पॉवर साडेदहा लाखांवर येते. गिऱ्हाइकाने पैसे थकवले म्हणून बँकही हात आखडते, आणि पगाराची तारीख तर टळत नाही. मग भिशी, नातेवाईक, घरातले सोने किंवा चढ्या व्याजाचा खासगी सावकार एवढेच पर्याय उरतात.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार खरेदीदाराने लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे द्यावयाचे असतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज लागते. तरतूद कडक आहे, पण ती वापरायची तर ज्याच्याकडून पुढची ऑर्डर यायची त्याच्याच विरुद्ध तक्रार करावी लागते. त्यामुळे पुरवठादार बहुधा गप्प राहतो. मुदतीनंतर दिलेली रक्कम खरेदीदाराला ती प्रत्यक्ष दिली त्याच वर्षी खर्च म्हणून वजा करता येईल, ही आयकर कायद्यातील अलीकडची दुरुस्ती अधिक चतुर म्हणावी लागेल, कारण तिच्यात पुरवठादाराला तोंड उघडावे लागत नाही.

व्यापारी येणी वटवण्यासाठी ट्रेड्स नावाची ऑनलाइन व्यवस्था रिझर्व्ह बँकेच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार उभी राहिली. खरेदीदाराने बिल मान्य केले की बँका व फॅक्टरिंग संस्था (येणी विकत घेणाऱ्या वित्तसंस्था) त्यावर बोली लावतात आणि पुरवठादाराला वटाव कापून रक्कम मिळते. व्याजदर खरेदीदाराची पत पाहून ठरतो, आणि त्याने पुढे पैसे बुडवले तरी वसुली पुरवठादाराकडून होत नाही. २५० कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना येथे नोंदणी सक्तीची आहे. बिल मान्य करण्याची सक्ती मात्र नाही. मालाच्या दर्जाबद्दल शंका काढून डेबिट नोट (बिलातून रक्कम कापल्याची सूचना) पाठवली की ते बिल बोलीपर्यंत पोहोचतच नाही.