दारापासून सुईपर्यंत: १०५ मिनिटांची २० मिनिटं कशी झाली

स्ट्रोकचा पेशंट एकदाचा हॉस्पिटलला पोचला की घरच्यांना वाटतं चला, आता डॉक्टर बघतील. आम्हालाही तसंच वाटलं होतं. काकांना लकवा आला तेव्हा अर्ध्या तासात त्यांना कॅज्युअल्टीत आणलं होतं, मग आधी केसपेपर, मग डिपॉझिट, मग ड्युटी डॉक्टरांनी तपासलं, मग रक्त घेतलं, मग रिपोर्टची वाट, मग सीटीला न्यायला वॉर्डबॉय येईना आणि तो आला तर लिफ्ट वर गेलेली. खरं सांगते, कोणीही कामचुकारपणा केला नाही. प्रत्येकाने आपापलं काम नीट केलं, फक्त एकाचं झाल्यावर दुसऱ्याने सुरू केलं, आणि तेवढ्या वेळात काकांचा उजवा हात स्ट्रेचरवरून खाली लोंबत होता.

मेंदूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली तर दर मिनिटाला साधारण १९ लाख पेशी मरतात, हा हिशोब अमेरिकेतल्या जेफ्री सेव्हर या न्यूरॉलॉजिस्टने २००६ मध्ये मांडला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, म्हणजे अल्टेप्लेज, लकवा आल्यापासून तीन तासांच्या आत दिलं तर पेशंट पुन्हा आपल्या पायावर उभा राहण्याची शक्यता वाढते हे १९९५ मध्ये सिद्ध झालं, २००८ मध्ये ती मुदत साडेचार तासांपर्यंत गेली. पण साडेचार तास आहेत म्हणजे सवड आहे असं अजिबात नाही, कारण औषध तेच असलं तरी जितका उशीर तितका त्याचा फायदा कमी.

मग आल्या आल्या का टोचत नाहीत? कारण लकवा दोन प्रकारे येतो, गुठळीने किंवा मेंदूत रक्तस्राव होऊन, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. रक्तस्राव असताना हे इंजेक्शन दिलं तर जीव जाऊ शकतो. त्यामुळे यातलं नेमकं काय आहे ते दाखवणारा सीटी स्कॅन टाळता येत नाही. पण सीटीच्या आधीचं आणि नंतरचं बाकी सगळं?

हाच प्रश्न फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलने वर्षानुवर्षं लावून धरला. १९९८ मध्ये तिथे पेशंट दारातून आत आल्यापासून सुई टोचेपर्यंत मध्यक वेळ १०५ मिनिटं होती (म्हणजे निम्म्या पेशंटना त्याहूनही जास्त लागायची). २०११ मध्ये तोच आकडा २० मिनिटांवर आला. कुठलं नवीन औषध नाही की भारी मशीन नाही, त्यांनी एकेक करून बारा बदल केले आणि त्यातले बहुतेक ऐकायला अगदी साधे आहेत. ॲम्ब्युलन्सवाले निघतानाच स्ट्रोक टीमला फोन करतात, मग पेशंट रस्त्यात असतानाच त्याचा जुना रेकॉर्ड उघडला जातो, तपासण्या आधीच लिहून ठेवतात, आणि नेमकं कधी काय झालं ते ज्याने पाहिलं त्याला फोनवरच विचारून घेतात. सीटी मशीन इमर्जन्सीतच आणलं. पेशंटला बेडवर घ्यायचं नाही, ॲम्ब्युलन्सच्याच स्ट्रेचरवरून थेट सीटीच्या टेबलवर. स्कॅन न्यूरॉलॉजिस्ट तिथेच उभं राहून बघतो, छापील रिपोर्टसाठी थांबत नाही.

आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट औषधाची. अल्टेप्लेज पावडरच्या रूपात येतं, त्यात पाणी घालून बाटली हळूच फिरवावी लागते, जोरात हलवली तर फेस होतो, आणि डोस वजनावर ठरतो. म्हणजे यातही मिनिटं जातात. हेलसिंकीत पेशंटला औषध लागणार असं जवळजवळ नक्की वाटलं तर तो यायच्या आधीच ते तयार करून ठेवतात आणि पहिला डोस सीटीच्या टेबलवरच देतात.

आपल्याकडे घरच्यांच्या हातात काय आहे, तर बरंच आहे. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोबडं बोलायला लागले की मालिश करत किंवा साखर-पाणी पाजत बसू नका. निघतानाच हॉस्पिटलला फोन करून "स्ट्रोकचा पेशंट आणतोय, सीटी चालू आहे ना?" असं स्पष्ट विचारा. पेशंट शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लिहून ठेवा, झोपेतून उठल्यावर लक्षात आलं असेल तर झोपायला गेले ती वेळ, उठल्याची नाही. गोळ्यांचा डबा सोबत घ्या, कारण रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांचा निर्णय बदलतो. वजनही माहीत असू द्या. काकांच्या वेळी यातलं आम्हाला एकही माहीत नव्हतं.

हेलसिंकीत जमलं, दुसरीकडे कसं जमणार, असं कोणालाही वाटेल. म्हणून २०१२ मध्ये मेलबर्नच्या एका मोठ्या हॉस्पिटलने हीच पद्धत उचलली. चार महिन्यांत तिथे कामाच्या वेळेत येणाऱ्या पेशंटचा दारापासून सुईपर्यंतचा वेळ ४३ मिनिटांवरून २५ वर आला. नवीन पद्धत त्यांनी फक्त कामाच्या वेळेत, सोमवार ते शुक्रवार लावली होती. रात्री आणि शनिवार-रविवारी येणाऱ्या पेशंटच्या वाट्याला जुनीच पद्धत होती, आणि त्यांच्या वेळेत फारसा फरक पडला नाही.