देवमासा बघायला जाताना : हुसाविकच्या बोटफेरीविषयी

नमस्कार,

आमच्या आइसलँड सहलीत हुसाविकला दोन मुक्काम आहेत आणि दोन वेळा बोटीने समुद्रात जायचं आहे. नोंदणी झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "देवमासा नक्की दिसेल ना?" त्याचं उत्तर आधीच देतो. जून ते ऑगस्टच्या दिवसांत बहुतेक फेऱ्यांत देवमासा दिसतो. पण नक्की दिसेल असा शब्द आम्ही देत नाही, कारण तो शब्द देणं आमच्या हातात नाही. म्हणूनच दोन फेऱ्या ठेवल्या आहेत.

सुरुवातीला आम्हीही एकच मुक्काम ठेवायचो. एका वर्षी वारा चढला आणि फेरी रद्द झाली. आमच्याबरोबरचे एक आजोबा धक्क्यावर तासभर नुसते समुद्राकडे बघत उभे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्र शांत होता, पण आमची गाडी परतीच्या रस्त्याला लागली होती. त्या वर्षापासून दुसरा मुक्काम कार्यक्रमात आला. त्याने खर्च वाढतो हे आम्हाला माहीत आहे, तरी तो आम्ही कमी करणार नाही.

हुसाविकच का?

आइसलँडच्या उत्तर किनाऱ्यावर, आर्क्टिक वृत्ताच्या थोडं अलीकडे, अडीच हजारांच्या आत वस्तीचं हे गाव. अकुरेरी शहरापासून तासाभराचा रस्ता. बंदराच्या डोक्यावर १९०७ साली बांधलेलं लाकडी चर्च, खाली मासेमारीच्या बोटी, आणि पलीकडच्या काठावर जूनमध्येही बर्फाचे पट्टे मिरवणारे डोंगर. इथून १९९५ साली देवमासे दाखवण्याच्या नियमित फेऱ्या सुरू झाल्या. मासेमारीतून बाहेर पडलेल्या ओक लाकडाच्या जुन्या बोटी डागडुजी करून या कामाला लावल्या गेल्या, आणि आजही त्यातल्या काही चालतात.

गावासमोरच्या उपसागराला स्क्याउल्वांदी म्हणतात. दोन नद्या त्यात येऊन मिळतात. नद्यांनी आणलेलं खनिजयुक्त पाणी, खालून वर येणारं थंड पाणी आणि उन्हाळ्यातला जवळजवळ चोवीस तासांचा उजेड यांमुळे पाण्यात सूक्ष्म वनस्पती भराभर वाढतात. त्यांच्यावर क्रिल हे कोळंबीसारखे बारीक जीव जगतात, कॅपेलिनसारखे छोटे मासे येतात आणि त्यांच्या मागोमाग देवमासे. देवमासा इथे पोट भरायला आलेला असतो. हंपबॅक जातीचे देवमासे हिवाळ्यात कॅरिबियनसारख्या उबदार समुद्रात पिल्लांना जन्म देतात, तिथे जवळजवळ काही खात नाहीत आणि वर्षाची बेगमी उत्तरेत येऊन करतात. आपल्या अरबी समुद्रातले हंपबॅक मात्र असं स्थलांतर करत नाहीत. ते बारा महिने इथेच राहतात आणि संख्येने फार थोडे उरले आहेत.

२०२३ च्या दिवाळीत गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर आलेलं देवमाशाचं पिल्लू आणि त्याला पाण्यात परत ढकलण्यासाठी झालेली धडपड तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. आपल्यातल्या बहुतेकांनी देवमासा बघितला आहे तो असा, बातमीत, वाळूवर. तो स्वतःच्या घरात कसा वावरतो हे बघावं, एवढ्यासाठी आम्ही ही सहल काढतो.

आधी पक्षी बघा

बोट बंदराबाहेर पडली की सगळे पाण्याकडे टक लावून बसतात. आमचं सांगणं असं, की आधी आभाळाकडे बघा. कुरव, किट्टीवेक, सुरय असे पक्षी एका जागी घोळका करून पाण्यावर झेपावत असतील, तर तिथे मासे वर आले आहेत. खालून त्यांना वर ढकलणारा बऱ्याचदा देवमासाच असतो. बोटीवरचे वाटाडेही हीच खूण शोधत असतात.

पक्षी केवळ खुणेपुरते नाहीत, हेही सांगायला हवं. नुसत्या पक्ष्यांसाठी ही फेरी करावी इतके ते सुंदर आहेत. उपसागरात लुंडेय नावाचं छोटं सपाट बेट आहे. आइसलँडच्या भाषेत लुंडी म्हणजे पफिन हा समुद्रपक्षी, एय म्हणजे बेट. फोटोंमुळे पफिन बदकाएवढा असेल असं वाटतं, प्रत्यक्षात तो आपल्या पारव्याहूनही जरा लहान. लाल-केशरी चोच, पांढरे गाल, पंखांची इतकी वेगवान फडफड की मिनिटाला चारशेच्या आसपास भरते. जमिनीत बीळ करून मादी एकच अंडं घालते आणि आईबाप चोचीत आडवे मासे धरून पिल्लाला भरवतात. जगातल्या अटलांटिक पफिनपैकी निम्म्याहून जास्त आइसलँडमध्ये वीण करतात. पण ते एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतच जमिनीवर असतात. सप्टेंबरच्या सहलीत पफिन दिसणार नाहीत. ज्यांना पफिन बघायचेच आहेत त्यांनी जून किंवा जुलैचा गट घ्यावा.

आर्क्टिक सुरय हा आमचा सगळ्यात आवडता पक्षी. वजन साधारण शंभर ग्रॅम, आणि हा दरवर्षी उत्तरेतून अंटार्क्टिकापर्यंत जाऊन परत येतो. वर्षाचा प्रवास सुमारे ७० हजार किलोमीटर. जमिनीवर त्याच्या घरट्यांजवळून चालताना मात्र सांभाळा, तो थेट डोक्यावर चोच मारतो. छत्री किंवा काठी डोक्यापेक्षा उंच धरली की तो तिच्यावर झेपावतो. त्याला हुसकू नका, आपणच तिथून बाजूला व्हायचं.

फवारा, पाठ, शेपूट

बोटीवर दिशा घड्याळाच्या काट्यांनी सांगतात. पुढचं टोक म्हणजे बारा, उजवा हात म्हणजे तीन, मागे सहा, डावीकडे नऊ. "दोन वाजता!" अशी हाक आली की उजवीकडे जरा पुढे बघायचं. मंडळी पहिल्यांदा मनगटाकडे बघतात, म्हणून आदल्या रात्री जेवताना आम्ही याचा सराव करून घेतो.

आधी दिसतो तो फवारा. हंपबॅकचा फवारा झुडपासारखा पसरट असतो. मग काळी पाठ आणि तिच्यावरचा बुटका उंचवटा. साधारण तीन-चार वेळा असा श्वास घेतला की तो पाठीची कमान करतो, शेपूट पूर्ण पाण्याबाहेर येते, तिच्यावरून पाणी निथळतं आणि तो सरळ खाली जातो. मागे पाण्यावर तेल सांडल्यासारखा गुळगुळीत गोल राहतो. आता पाच-दहा मिनिटं तो वर येणार नाही. या मिनिटांत बोटीवर कोणी बोलत नाही, आणि तुम्हीही बोलू नका अशी विनंती आहे. गेल्या एका फेरीत अशाच शांततेत बोटीपासून काही हातांवर एक हंपबॅक वर आला. कुकरची वाफ एकदम सोडावी तसा आवाज, तोंडावर गार तुषार, आणि सुकटीच्या बाजारातून गेल्यासारखा उग्र वास. शेजारच्या काकू हळूच म्हणाल्या, "अगं बाई, हा तर आपल्यासारखा दमलाय." आम्हाला वाटतं, त्यांनी देवमासा खरा बघितला.

हवेत उडी मारणारा देवमासा बघायचा म्हणून येऊ नका. उडी कधी दिसते, कधी नाही. श्वास मात्र प्रत्येक देवमाशाला घ्यावाच लागतो, आणि तो बघायला मिळणं हेच फार मोठं आहे.

हंपबॅकच्या शेपटीच्या खालच्या बाजूचे काळेपांढरे डाग प्रत्येकाचे वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. तुम्हाला शेपटीचा चांगला फोटो मिळाला तर हॅपीव्हेल या संकेतस्थळावर तो देता येतो. तोच देवमासा आधी कुठे दिसला होता हे कधीकधी त्यावरून कळतं.

मिंके देवमासा लहान, सात-आठ मीटरचा. त्याचा फवारा क्वचितच दिसतो, शेपूट तो वर काढत नाही, कोयत्यासारखं वळलेलं पाठीवरच्या पंखाचं टोक दिसून नाहीसं होतं. पांढऱ्या चोचीचे डॉल्फिन टोळीने येतात आणि बोटीबरोबर पोहतात. निळा देवमासा, पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी, उन्हाळ्याच्या सुरुवातीला कधीतरी या उपसागरात येतो. दिसला तर भाग्य समजा. नाही दिसला तरी गावातल्या देवमासा संग्रहालयात त्याचा २५ मीटर लांबीचा सांगाडा आहे. हा देवमासा २०१० साली उत्तर किनाऱ्यावर मेलेला सापडला होता. संग्रहालय आम्ही पहिल्या संध्याकाळी, बोटफेरीच्या आधी दाखवतो. तिथल्या सांगाड्यात पुढच्या पंखाची हाडं बघा. माणसाच्या पंजासारखी बोटं दिसतात. ती बघून समुद्रात गेलं की पाण्यावर आपटणारा पंख वेगळाच वाटतो.

कोणती बोट

लाकडी बोटीची फेरी साधारण तीन तासांची. ती हळू जाते, वर मोकळी जागा असते, स्वच्छतागृह असतं. रबरी स्पीडबोट वेगाने लांबवर जाते, पण लाटांवर जोरात आदळते. पाठीचं किंवा मानेचं दुखणं, गुडघ्याची शस्त्रक्रिया, गरोदरपण असेल तर ती घेऊ नका. लहान मुलांना तिच्यावर वयाची अट असते. आम्ही दोन्ही फेऱ्या लाकडी बोटीच्या ठेवतो, विजेवर चालणारी बोट मिळाली तर ती आधी घेतो, कारण इंजिन शांत असलं की श्वास ऐकू येतो. ज्या बोटी देवमाशाच्या पाठी लागत नाहीत, त्याला घेरत नाहीत, ठरलेलं अंतर आणि वेग पाळतात, त्यांच्याशीच आमचा व्यवहार आहे. "अजून जवळ घ्या" असा आग्रह कप्तानाला करू नका.

आइसलँडने २००६ साली व्यापारी देवमासेमारी पुन्हा सुरू केली. काही उपाहारगृहांत देवमाशाचं आणि पफिनचं मांस मिळतं. अशा ठिकाणी आम्ही गटाचं जेवण ठेवत नाही.

कपडे, पोट आणि कॅमेरा

जुलैत गावात दहा-बारा अंश असतं, पण बोटीवर वारा झोंबतो. वारा अडवणारा जाड, पँटसकट एकसंध अंगरखा बोटीवर मिळतो. त्याच्या आत थर्मल, लोकरी स्वेटर, कानटोपी आणि हातमोजे तुमचे. साडी नेसणाऱ्यांनी त्या तीन तासांपुरती पँट घालावी, अंगरखा साडीवर चढत नाही.

बोट लागण्याचा त्रास असेल तर गोळी बोट सुटण्याआधी तासभर घ्यावी लागते, मळमळायला लागल्यावर तिचा उपयोग होत नाही. रक्तदाब, मधुमेह, काचबिंदू असेल तर कोणती गोळी चालेल हे पुण्यातच डॉक्टरांना विचारून ठेवा. रिकाम्या पोटी येऊ नका. आलेपाक खिशात ठेवा. त्रास वाटला तर बोटीच्या मध्यावर उभे राहून क्षितिजाकडे बघा, मोबाइलच्या पडद्याकडे नको. फेरीच्या शेवटी गरम चॉकलेट आणि दालचिनीचा गोड पाव देतात. पावात अंडं असू शकतं, त्यामुळे अंडं न खाणाऱ्यांची सोय आम्ही वेगळी करतो.

दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) पुरते. दहापटीची दुर्बीण हलत्या बोटीवर स्थिर राहत नाही. कॅमेऱ्याच्या शटरचा वेग सेकंदाच्या एक हजारांशापेक्षा जलद ठेवा. पहिला देवमासा मात्र फोटो न काढता बघा. दुसऱ्यापासून कॅमेरा काढा.

नोंदणी करताना आम्हाला सांगा

पाठ, गुडघे, हृदयविकार, बोट लागणं, जेवणाचे नियम आणि सहसा कितीला झोपता हे अर्जात लिहा. शेवटचा प्रश्न अनेकांना अनावश्यक वाटतो. जूनमध्ये तिथे रात्री अंधार होत नाही, लोक खिडकीपाशी बसून राहतात आणि सकाळच्या फेरीला डोळे मिटतात. डोळ्यांवरची पट्टी आम्ही प्रत्येकाला देतो. वाऱ्यामुळे फेरी रद्द झाल्यास पैसे परत मिळतात किंवा पुढची फेरी मिळते. देवमासा दिसला नाही तर बोटवाले बहुधा दुसऱ्या फेरीचं तिकीट मोफत देतात, ती फेरी कधी करायची हे आम्ही त्याच संध्याकाळी तुमच्याशी बोलून ठरवतो.