मूळगाठी (शेंगावर्गीय पिकांच्या)

हरभरा, तूर, मूग, भुईमूग, सोयाबीन अशा पिकांच्या मुळांवर रायझोबियम गटातील जिवाणूंमुळे येणाऱ्या गाठी. हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असले तरी पिकाला ते थेट घेता येत नाही. गाठीतले जिवाणू त्याचा अमोनिया करतात आणि मोबदल्यात पिकाने पानांत तयार केलेल्या अन्नावर जगतात. हेल्रीगेल आणि विल्फार्थ या जर्मन संशोधकांनी १८८६ मध्ये गाठी व नत्र यांचा संबंध मांडला. १८८८ मध्ये डच शास्त्रज्ञ बायेरिंक यांनी गाठीतला जिवाणू वेगळा काढला.

मुळांतून फ्लॅव्होनॉइड नावाची द्रव्ये पाझरतात. त्यांचा सुगावा लागला की जिवाणू आपल्याकडून ‘नॉड घटक’, म्हणजे मुळाला गाठ धरण्याचा इशारा देणारे द्रव्य, सोडतो. मग केशमुळाचे टोक वळते, जिवाणू त्या वळणात सापडतो आणि केशमुळातच तयार होणाऱ्या बारीक नळीतून आत उतरतो. भुईमुगात मात्र तो उपमुळे फुटताना पडलेल्या भेगांतून शिरतो. नत्र बांधणारे नायट्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) प्राणवायूने निकामी होते. म्हणून गाठीत लेगहिमोग्लोबिन असते, रक्तातल्या हिमोग्लोबिनचे भाऊबंद. ते प्राणवायू मोजूनमापून पोचवते. फुलोऱ्याच्या सुमारास गाठ नखाने फोडून पाहावी: आत गुलाबी असेल तर काम चालू, पांढरी असेल तर गाठ नुसतीच वाढलेली. सूत्रकृमींच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींच्या, गाठी वेगळ्या. त्या म्हणजे मूळच सुजलेले असते, तर या गाठी बाजूला चिकटलेल्या असतात आणि सहज सुटतात.

कोणताही जिवाणू कोणत्याही पिकाला चालत नाही. हरभऱ्याला मेसोरायझोबियम सिसेरी लागतो, सोयाबीनला ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकम. सोयाबीन महाराष्ट्रात अलीकडे पसरलेले पीक, त्यामुळे पूर्वी ते न घेतलेल्या रानात त्याचा जिवाणू पुरेसा असेलच असे नाही. तिथे जिवाणू संवर्धकाची (पाकिटात मिळणाऱ्या जिवंत जिवाणूंची) बीजप्रक्रिया खरी उपयोगी पडते. साधारणपणे १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम संवर्धक गुळाच्या थंड द्रावणातून चोळतात आणि बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरतात. बुरशीनाशक लावायचे तर ते आधी, जिवाणू शेवटी. क्रम उलटला की पाकिटाचे पैसे फुकट.

जमिनीत नत्र मुबलक असेल तर पीक गाठींवर खर्च करत नाही. युरियाचा हात सैल सुटला की गाठी कमी होतात. पाणी साचलेल्या काळ्या रानातही हवेअभावी त्या मंदावतात. राजमा तर या कुळातला असूनही गाठींच्या बाबतीत कच्चा, म्हणून त्याला वरून नत्र द्यावेच लागते.

‘हरभऱ्याचा बेवड (आधीच्या पिकाचा जमिनीवर राहणारा परिणाम) चांगला’ असे शेतकरी म्हणतात ते खरे आहे, पण ‘कडधान्य घेतले की जमीन आपोआप सुपीक’ हे अर्धसत्य. बांधलेल्या नत्राचा मोठा भाग दाण्यांत जातो आणि दाणे बाजारात. सोयाबीन मुळासकट उपटून भुसाही रानाबाहेर गेला, तर मागे फारसे उरत नाही. तुरीची गळलेली पाने आणि जमिनीत राहिलेली मुळे कुजली, तरच पुढच्या ज्वारीच्या वाट्याला काही येते.