हेलिकॉप्टरने वणवा विझवणं: सुरक्षितता आणि यांत्रिक बिघाड

जंगलातल्या वणव्यावर हेलिकॉप्टरमधून पाणी टाकणं आणि आग विझवणाऱ्या माणसांना डोंगरावर नेऊन सोडणं, परत आणणं, ही सगळी कामं यात येतात. विमानंही वापरतात, पण ही नोंद हेलिकॉप्टरपुरतीच. पाणी एकतर खाली लटकवलेल्या बकेटमधून नेतात, जिला सगळे सरसकट बांबी बकेट म्हणतात (खरंतर ते एका कॅनेडियन कंपनीच्या बकेटचं नाव), नाहीतर पोटाखालच्या टाकीतून. स्कायक्रेन नावाचं नुसत्या सांगाड्यासारखं दिसणारं हेलिकॉप्टर एका फेरीत जवळपास १०,००० लिटर नेतं.

यातला मुख्य धोका आगीचा नाही, हवेचा आहे. हवा तापली की विरळ होते, डोंगरावर ती आधीच विरळ असते, त्यामुळे पात्यांना उचल कमी मिळते आणि इंजिनची ताकदही उतरते, आणि नेमकं अशाच जागी भरलेलं वजन घेऊन जागच्या जागी तरंगायचं असतं. एरवी इंजिन बंद पडलं तरी खालून येणाऱ्या हवेवर पाती फिरती ठेवून उतरता येतं, याला ऑटोरोटेशन म्हणतात, पण त्यासाठी हाताशी उंची किंवा वेग तरी पाहिजे ना! पाणी भरताना दोन्ही नसतं. बकेट सोडून द्यायचं बटण असतं म्हणा, पण ते दाबायला वेळ मिळाला पाहिजे.

शिवाय राख आणि धूळ इंजिनात जाते, दिवसभर वजन उचल-टाक करून धातू थकतो, आणि या कामातली बरीच हेलिकॉप्टरं सैन्यातून निवृत्त झालेली, म्हणजे ह्यूई, चिनूक वगैरे, त्यामुळे सुट्या भागांचे तास मोजून ते वेळेत बदलणं याला फार महत्त्व.

पण अपघात झाला की लगेच 'मशीन फेल' म्हणतात ते दरवेळी खरं नसतं. ५ ऑगस्ट २००८ ला कॅलिफोर्नियात वीव्हरव्हिलजवळ सिकॉर्स्की एस-६१ जातीचं हेलिकॉप्टर डोंगरावरून माणसं घेऊन उठताना झाडांवर आदळून कोसळलं, १३ पैकी ९ जण गेले. आधी संशय इंजिनावर होता. अमेरिकेच्या एनटीएसबीने, म्हणजे वाहतूक अपघातांचा तपास करणाऱ्या सरकारी संस्थेने, तपास केला तर दोन्ही इंजिनं नीट चालत होती, फक्त जेवढं उचलायला सांगितलं तेवढं त्या उंचीवर त्यांना झेपणारंच नव्हतं. कार्सन हेलिकॉप्टर्स कंपनीने रिकाम्या हेलिकॉप्टरचं वजन कागदावर ६०० किलोहून जास्त कमी दाखवलं होतं, इंजिन किती ताकद देईल ते सांगणारा तक्ताही बदललेला होता, आणि पायलटने गणित मांडलं ते याच आकड्यांवर, म्हणजे गणित बरोबर आणि आकडेच खोटे. तपासात अमेरिकेचं वनखातं आणि एफएए, म्हणजे तिथलं विमान वाहतूक नियामक खातं, यांच्या देखरेखीवरही ठपका आला. पुढे २०१५ मध्ये कंपनीच्या एका माजी उपाध्यक्षाला १२ वर्षांहून जास्त तुरुंगवास झाला.

बकेट ज्याला लटकते त्या दोरीचा धोका वेगळाच. भरलेली बकेट खाली सरळ लटकते, रिकामी मात्र हलकी, वेग वाढला की मागे उडते आणि शेपटीच्या पंख्यापर्यंत पोचू शकते. तो पंखा गेला की हेलिकॉप्टर स्वतःभोवती गरगरायला लागतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये न्यूझीलंडला क्राइस्टचर्चजवळ पोर्ट हिल्सच्या वणव्यात असंच झालं, रिकाम्या बकेटची केबल शेपटीच्या पंख्याला लागली आणि पायलट वाचला नाही. २०२२ मध्ये आयडाहोत तर चिनूकच्या पायाखालच्या पेडलमध्ये आयपॅड अडकला, दोन्ही पायलट गेले. आता याला यांत्रिक बिघाड म्हणायचं की अजून काय!

आपल्याकडे हे काम हवाई दलाची एमआय-१७ हेलिकॉप्टरं करतात, २०१९ ला बंदीपूरला आणि एप्रिल २०२४ मध्ये नैनीतालच्या वणव्यासाठी, तेव्हा भीमतालमधून बकेट भरून नेत होते.