जाकोमेत्ती, आल्बेर्तो

जाकोमेत्ती, आल्बेर्तो : (१० ऑक्टोबर १९०१–११ जानेवारी १९६६). स्विस शिल्पकार, चित्रकार व मुद्राचित्रकार (ठशावरून छापचित्रे काढणारा). स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडेन कँटनमधील इटालियन भाषिक ब्रेगाल्या खोऱ्यात, बोर्गोनोव्हो या खेड्यात जन्म. बालपण शेजारच्या स्टांपा गावी गेले. वडील जोव्हान्नी हे उत्तर-दृक्‌प्रत्ययवादी चित्रकार होते. भाऊ द्येगो (१९०२–८५) हा पुढे त्याचा साहाय्यक आणि नेहमीचा मॉडेल झाला. धाकटा ब्रूनो (१९०७–२०१२) वास्तुशिल्पज्ञ होता. जिनीव्हा येथे अल्पकाळ शिक्षण घेऊन आल्बेर्तो १९२०-२१ मध्ये इटलीत हिंडला व जोत्तो आणि तिंतोरेत्तो या जुन्या इटालियन चित्रकारांच्या चित्रांनी भारावून गेला. १९२२ च्या आरंभी तो पॅरिसला आला आणि ग्रांद शोम्येर या कलाशाळेत आंत्वान बुर्देल या शिल्पकाराच्या हाताखाली शिकू लागला. १९२६ च्या अखेरीस मोंपार्नासलगतच्या रू इपोलित-मँद्रोंवर त्याने भाड्याने घेतलेला जेमतेम २३ चौ. मी.चा कार्यकक्ष त्याने पैसा आणि कीर्ती मिळाल्यानंतरही अखेरपर्यंत सोडला नाही.

आरंभीच्या शिल्पांत घनवाद (वस्तूंचे भौमितिक आकारांत विघटन करणारा संप्रदाय) आणि आफ्रिकी व ओशिअ‍ॅनियन कला यांचे संस्कार दिसतात. ‘चमचा-स्त्री’ (१९२६-२७) या शिल्पात पश्चिम आफ्रिकेतील दान जमातीच्या मानवाकृती चमच्यांची कल्पना उलटवून चमच्याच्या खोलगट भागाचे स्त्रीचे उदर केलेले आहे. ‘टांगता गोळा’ (१९३०-३१) या शिल्पात लोखंडी सळ्यांच्या पिंजऱ्यात खाच पाडलेला एक गोळा चंद्रकोरीसारख्या आकारावर असा टांगला आहे, की हलवल्यास तो कडेला लागतो न लागतो अशा बेताने झुलतो. या शिल्पामुळे अतिवास्तववाद्यांचे (स्वप्ने व अबोध मन यांतून कला घडवणाऱ्या गटाचे) लक्ष त्याच्याकडे गेले व १९३१ मध्ये तो त्यांचा नेता, फ्रेंच कवी आंद्रे ब्रताँ याच्या गटात सामील झाला. ‘पहाटे चारचा राजवाडा’ आणि ‘गळा चिरलेली स्त्री’ (दोन्ही १९३२) ही या काळातील प्रमुख शिल्पे होत. या वर्षांतील अनेक कामांचे कालनिर्देश जाकोमेत्तीने न्यूयॉर्कचा कलाविक्रेता प्येर मातीस याला १९४७ मध्ये लिहिलेल्या, शिल्पांच्या रेखाटनांसह असलेल्या पत्रावर बऱ्याच अंशी अवलंबून आहेत. ते पत्र स्मृतीवरून लिहिलेले असल्यामुळे एखाद्या वर्षाचा फरक गृहीत धरणे इष्ट.

‘अदृश्य वस्तू’ (१९३४) या शिल्पाच्या उगमाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. आसनाच्या चौकटीत अर्धवट बसलेली, नडग्यांवर फळी आडवी आलेली आणि दोन्ही हातांत पोकळी धरून असलेली ही स्त्री आहे. ब्रताँच्या कथनानुसार चेहरा साधत नसल्याने काम अडले होते, आणि पॅरिसच्या जुन्या बाजारात दोघांना सापडलेल्या एका धातूच्या मुखवट्याने ती अडचण सुटली. कलेतिहासकार राइनहोल्ड होल याने मात्र सॉलोमन बेटांवरील एका मूर्तीशी असलेल्या तिच्या नात्याकडे लक्ष वेधले, तर फ्रेंच कवी व समीक्षक ईव्ह बॉनफ्वा याने तिच्यात मातृप्रतिमा पाहिली. मुखवट्याची कथा ब्रताँच्या ‘वस्तुनिष्ठ योगायोगा’च्या (अचानक सापडलेली वस्तू मनातील सुप्त गरजेला उत्तर देते, या) सिद्धांताला इतकी सोयीची आहे, की ती जपून वापरणे बरे. शिल्पाच्या एकूण ठेवणीचे स्पष्टीकरण ओशिअ‍ॅनियन नमुन्याने अधिक चांगले होते. मुखवट्याचा हातभार फार तर डोक्यापुरता असावा.

समोरच्या मॉडेलवरून डोके घडवण्याकडे तो पुन्हा वळला, हे अतिवास्तववाद्यांना मानवले नाही आणि १९३५ च्या सुमारास त्याचा त्या गटाशी संबंध तुटला. त्यानंतरच्या दशकात त्याच्या आकृती लहान होत गेल्या. स्मरणावरून घडवताना त्या इतक्या झिजत, की काही जेमतेम पेरभर उरत. १९३९ च्या झुरिक येथील राष्ट्रीय प्रदर्शनासाठी त्याने अशीच एक इवलीशी आकृती भल्या मोठ्या चौथऱ्यावर ठेवण्याचा घाट घातला होता. तो संयोजकांनी नाकारला. युद्धकाळात जिनीव्हाला असतानाही (१९४२–४५) हेच चालू राहिले. या आकसण्याची दोन कारणे त्याने स्वतः वेळोवेळी दिली : आकृती लहान असली तरच ती साम्य धरते; आणि मध्यरात्री बुलव्हार सँ-मिशेलवर दूर उभी दिसलेली मैत्रीण, इझाबेल, हिला तो तिच्याभोवतीच्या साऱ्या अवकाशासह घडवू पाहत होता. दुसरे स्पष्टीकरण नंतरचे असले तरी कामाशी अधिक जुळते. चौथरा आणि आकृती यांच्या प्रमाणातून अंतर दाखवणे हाच त्या छोट्या शिल्पांचा विषय आहे.

युद्धानंतर आकृती पुन्हा उंच झाल्या, पण हडकुळ्या. ‘बोट दाखवणारा माणूस’ (१९४७), ‘शहरचौक’ (१९४८), ‘रथ’ (१९५०), ‘कुत्रा’ (१९५१) ही त्यांतील ख्यातनाम शिल्पे. या लांबटपणाचे मूळ कोणी व्होल्तेर्रा येथील ‘संध्याछाया’ या एत्रुस्कन (रोमपूर्व इटलीतील) ब्राँझमध्ये, तर कोणी ईजिप्तच्या शिल्पांत शोधतात. ईजिप्शियन शिल्पांच्या त्याने केलेल्या नकला उपलब्ध आहेत, त्यामुळे तो पक्ष सबळ वाटतो. एत्रुस्कन साम्य डोळ्यांत भरते, पण साम्यावरून प्रभाव सिद्ध होत नाही. १९४८ च्या न्यूयॉर्क प्रदर्शनाच्या पुस्तिकेत फ्रेंच अस्तित्ववादी तत्त्वज्ञ झां-पोल सार्त्रने लिहिलेल्या निबंधामुळे या आकृतींना अस्तित्ववादी एकाकीपणाचे अर्थ चिकटले. छळछावण्यांतील कैद्यांशीही त्यांची तुलना झाली. वस्तुतः सार्त्रच्या निबंधाचा बराचसा भाग दर्शक आणि आकृती यांच्यातील अंतराविषयी आहे व तोच आज अधिक उपयुक्त ठरतो.

‘व्हेनिसच्या स्त्रिया’ (१९५६) ही मालिका त्याच्या पद्धतीचा उत्तम नमुना आहे. एकाच सांगाड्यावर तो तीच माती बोटांनी आणि छोट्या सुरीने चिमटत, खरवडत, पुन्हा लिंपत राही. एखादी अवस्था पटली, की द्येगो तिचा प्लॅस्टरचा साचा घेई आणि उरलेल्या मातीवर काम पुढे चाले. अशा अवस्थांपैकी नऊ पुढे ब्राँझमध्ये ओतल्या गेल्या. मुद्राचित्रकार एकाच पत्र्यावर पुढे काम करत मधल्या अवस्थांचे ठसे काढतो, त्याच जातीची ही रीत आहे.

मुद्राचित्रण हा त्याच्या कामाचा दुय्यम मानला गेलेला, पण तसा नसलेला भाग आहे. लाकडी ठसे तो मुलपणीच कोरू लागला होता. पॅरिसमध्ये १९३३ च्या सुमारास स्टॅन्ली विल्यम हेटर याच्या ‘आतल्ये १७’ या कार्यशाळेत त्याने ताम्रपत्रावर कोरणीने काम केले. ब्रताँच्या १९३४ मधील एका कवितासंग्रहासाठी केलेली चार उत्कीर्णने (कोरलेल्या पत्र्यावरून काढलेले ठसे) या काळातील आहेत. मध्ये काही वर्षे हे काम थांबले आणि १९५० च्या आसपास तो प्रामुख्याने शिलामुद्रणाकडे (दगडावरील तेलकट रेखाटनावरून छापण्याकडे) वळला. दगडावर थेट न काढता तो हस्तांतर-कागदावर तेलकट खडूने रेखाटी. या पद्धतीचे दोन परिणाम लक्षात घेण्याजोगे आहेत. कागदावरचे चित्र दगडावर उलटे उमटत असल्याने छापील प्रत पुन्हा सुलटी येते, म्हणून रस्ते व इमारती आहेत तशाच दिशेने दिसतात. शिवाय हा खडू खोडता येत नाही. पेन्सिलीच्या रेखाटनांत तो खोडरबराचा सढळ वापर करी, खोडलेल्या पट्ट्यांनाच प्रकाश बनवी. शिलामुद्रांत ती सोय नसल्याने एका कडेसाठी चार-पाच रेषा शेजारी शेजारी येतात आणि नेमकी कड त्यांच्या मध्ये कोठेतरी राहते. कागदाच्या आत आणखी एक चौकट आखून आकृती तिच्यात बसवण्याची त्याची सवयही येथे ठळक दिसते. तिचे नाते ‘टांगता गोळा’च्या पिंजऱ्याशी आहे.

या माध्यमातील त्याचे सर्वांत मोठे काम म्हणजे ‘पारी साँ फँ’ (अंतहीन पॅरिस) हा १५० शिलामुद्रांचा ग्रंथ. प्रकाशक तेरियाद याच्यासाठी त्याने तो १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हाती घेतला. कॅफे, रस्ते, मोटारीतून दिसणारी वळणे, कार्यकक्षातील पसारा आणि पत्नी आनेत असे त्याचे विषय आहेत. सोबतचा मजकूर त्याने पुरा केला नाही. ग्रंथ १९६९ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला.

चित्रकलेत करड्या रंगाचे प्राबल्य असून द्येगो, आनेत आणि जपानी प्राध्यापक इसाकू यानाइहारा यांची व्यक्तिचित्रे विशेष उल्लेखनीय आहेत. न्यूयॉर्कच्या चेस मॅनहॅटन प्लाझासाठी आखलेला शिल्पसमूह त्याने अर्धवट सोडला, ‘चालणारा माणूस १’ (१९६०, उंची सु. १८३ सेंमी.) हा त्यातूनच स्वतंत्रपणे उरला. १९६२ मध्ये त्याला व्हेनिस द्वैवार्षिकीत शिल्पकलेचे मुख्य पारितोषिक मिळाले. खूर येथील रुग्णालयात त्याचे निधन झाले आणि बोर्गोनोव्हो येथे दफन करण्यात आले. १९९८ मध्ये निघालेल्या १०० फ्रँकच्या स्विस नोटेवर त्याचे चित्र होते.

त्याची ब्राँझशिल्पे सामान्यतः सहाच्या आवृत्तीत, अधिक काही जादा प्रतींसह, ओतली गेली. काही ओतकाम मरणोत्तर आहे. लिलावांत ‘चालणारा माणूस १’ला २०१० मध्ये ६·५ कोटी पौंड व ‘बोट दाखवणारा माणूस’ला २०१५ मध्ये सु. १४·१ कोटी डॉलर मिळाल्याने नकली प्रतींचा प्रश्नही वाढला. २००९ मध्ये जर्मन पोलिसांनी अशा प्रतींचा मोठा साठा जप्त केला. त्यामुळे ओतकामाची कार्यशाळा, आवृत्तिक्रमांक आणि मूळ प्लॅस्टर यांची नोंद पाहिल्याशिवाय एखादी प्रत ग्राह्य मानली जात नाही. त्याच्या कलाकृतींचे प्रमुख संग्रह झुरिक (प्रतिष्ठान, स्थापना १९६५) आणि पॅरिस (प्रतिष्ठान, स्थापना २००३) येथे असून प्लॅस्टरची बरीच मूळ शिल्पे पॅरिसच्या संग्रहात आहेत.