किशोरवयीन रुग्णाशी गोपनीय संवाद

किशोरवयीन रुग्णाला पालकांपासून थोडा वेळ वेगळे घेऊन डॉक्टरने केलेली विचारपूस. सांगितलेले काय स्वतःपाशी राहील आणि काय ठेवता येणार नाही, हे डॉक्टर आधीच स्पष्ट करतो. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षे हे किशोरवय धरते.

उगम : या प्रथेचे मूळ काही अभ्यासक चरकसंहितेपर्यंत नेतात. तिच्या विमानस्थान या विभागाच्या आठव्या अध्यायात शिष्याला केलेल्या उपदेशात रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर बोलू नयेत असे सांगितले आहे. संहितेचा काळ सामान्यतः इ. स. पू. दुसरे ते इ. स. दुसरे शतक असा धरतात. संहितेचा नंतरचा संस्कर्ता दृढबल याने पूर्ण केलेला भाग चिकित्सा, कल्प आणि सिद्धी या स्थानांतला असल्याने हा अध्याय जुन्या थरातला मानण्यास हरकत नसावी. तथापि हे वचन घराचे गुपित जगापासून राखते, मुलाचे गुपित घरापासून नव्हे. पती किंवा पालक हजर नसलेल्या स्त्रीवर उपचार करू नयेत, असेही तोच उपदेश सांगतो. त्यामुळे चरकाला या प्रथेचा जनक म्हणण्यापेक्षा वैद्यकीय गोपनीयतेचा एक जुना आधार म्हणणे अधिक योग्य.

पालकांपासूनही गोपनीयता ही कल्पना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली दिसते. बोस्टनच्या बालरुग्णालयात रॉसवेल गॅलाघर यांनी १९५१ मध्ये किशोरांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. इंग्लंडमध्ये १९८५ च्या गिलिक खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने, पुरेशी समज असलेल्या सोळा वर्षांखालील मुलीला पालकांना न कळवता गर्भनिरोधनाचा सल्ला देता येतो, असे ठरवले. किशोरांशी बोलताना वापरायच्या ‘हेड्स’ (विषयांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून) या प्रश्नक्रमाच्या श्रेयाबद्दल दोन मते आढळतात. १९८८ च्या लेखामुळे तो गोल्डेनरिंग आणि कोहेन यांच्या नावावर सांगितला जातो. पण त्याची पहिली मांडणी सिअ‍ॅटलचे हार्वे बर्मन यांनी १९७२ मध्ये केल्याची नोंद आहे आणि तीच ग्राह्य वाटते. घर, शिक्षण, आवडीनिवडी, व्यसने, लैंगिकता, आत्महत्येचे विचार असा तो क्रम. खाणेपिणे आणि सुरक्षितता नंतर जोडली गेली. वरवरच्या प्रश्नाकडून नाजूक प्रश्नाकडे जायचे, हे त्यामागचे सूत्र. क्रम उलटा झाला तर मूल तिसऱ्या प्रश्नालाच ‘काही नाही’वर येते.

भेटीची रीत : पहिली भेट साधारण अर्ध्या तासाची धरावी. सुरुवातीची पाच-सात मिनिटे पालकांसह, मधली दहा-पंधरा मिनिटे एकट्याशी, शेवटी पुन्हा एकत्र. पालकांना बाहेर बसवणे संशयाचे वाटू नये म्हणून तो दवाखान्याचा नियम म्हणूनच सांगावा : ‘काकू, या वयाच्या सगळ्याच मुलांशी मी थोडा वेळ एकट्यानं बोलते. तुम्ही जरा बाहेर बसा, मग परत बोलावते.’ गोपनीयतेची मर्यादा मात्र पालक खोलीत असतानाच दोघांना सांगावी. ‘तू सांगशील ते माझ्यापाशी राहील. पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, कुणी तुझ्यावर जबरदस्ती करत असेल किंवा कायद्यानं कळवावंच लागेल असं काही असेल, तर मी गप्प बसणार नाही. आधी तुला सांगेन, मग पुढं.’ ‘कुणालाच सांगणार नाही’ असे सरसकट वचन ही या कामातली सर्वांत महागात पडणारी चूक. ते मोडावे लागले की मूल पुन्हा येत नाही.

प्रश्न आजूबाजूच्यांवरून सुरू करावेत. ‘तू मावा खातोस का?’ याला ‘नाही’ येते. ‘तुमच्या वर्गात पोरं मावा खातात का? तुझे मित्र? तू कधी बघितलास खाऊन?’ याला बहुधा खरे उत्तर मिळते. पाळीची तारीख आईसमोर विचारली असली तरी एकटी असताना पुन्हा विचारावी. बोलताना लिहू नये, मध्येच उपदेश करू नये. जगणे नकोसे वाटते का, हे सरळ विचारावे; विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो ही समजूत चुकीची आहे. होकार आला तर बेत ठरला आहे का आणि साधन हाताशी आहे का, हे लगेच विचारावे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर, कागलकडच्या शेतकरी घरांत तणनाशकाची बाटली गोठ्यात वा माळ्यावर असू शकते. ती कुलपात ठेवायला सांगण्यासाठी पालकांना कळवावेच लागते. काय आणि कोणत्या शब्दांत सांगायचे, हे मुलाबरोबर ठरवून घेता येते. शारीरिक तपासणीच्या वेळी सोबत आई हवी की नर्स, हे मुलीला विचारावे.

कोल्हापुरात : पेठांतल्या फॅमिली डॉक्टरकडे एकाच घराच्या तीन पिढ्या येतात, ओळख ही इथली सोय आणि हीच अडचण. बाकावर बसलेली शेजारीण ‘पोरीला काय झालंय ओ?’ असे कंपाउंडरला विचारते आणि कंपाउंडर सांगतो. गुपित डॉक्टरच्या तोंडून क्वचितच फुटते. ते पडद्याच्या पार्टिशनमधून, मोठ्याने पुकारलेल्या नावातून, मेडिकल दुकानात दिलेल्या चिठ्ठीतून, वडिलांच्या मोबाइलवर आलेल्या लॅबच्या मेसेजमधून फुटते. सरकारी दवाखान्यात केसपेपर रुग्णाच्याच हातात असतो. त्यावर नाजूक तपशील लिहू नये. फोन कुणाच्या हातात असतो, हे नंबर घेतानाच विचारावे. तालमीतला मुलगा वस्तादांबरोबर येतो. वजन उतरवण्याच्या किंवा इंजेक्शनांच्या गोष्टी त्यांच्यासमोर निघणे कठीण, म्हणून बाहेर बसण्याचा नियम त्यांनाही लागू. १९०१ च्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून शहराला वसतिगृहांची परंपरा आहे. अशा ठिकाणचे मूल रेक्टर घेऊन येतात, पण पालकांचे लेखी अधिकारपत्र नसेल तर संमतीसाठी रेक्टरवर विसंबू नये.

कायदा : भारतात गिलिकसारखी तरतूद नाही. बारा वर्षांखालील मुलाची संमती फौजदारी कायदा मानत नाही (भारतीय न्याय संहिता, कलमे २७ व २८, पूर्वीची दंडसंहितेची ८९ व ९०). यावरून बारा वर्षांवरील मूल साध्या तपासणीला स्वतः संमती देऊ शकते, असा अर्थ काढला जातो. करारासाठी वय १८ असल्याने काहींना तो मान्य नाही. व्यवहारात बोलणे आणि साधी तपासणी मुलाच्या होकाराने करावी, शस्त्रक्रियेला पालकांची सही घ्यावी. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांतही शस्त्रक्रियेसाठी अल्पवयीन रुग्णाच्या पालकांची लेखी संमती सांगितली आहे. गर्भपातासाठी अठरा वर्षांखालील मुलीच्या पालकाची लेखी संमती लागते.

खरी कोंडी पॉक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून बालकांच्या संरक्षणाच्या कायद्याची (२०१२). कलम १९ नुसार अठरा वर्षांखालील मुलाशी लैंगिक संबंधाची माहिती कळवणे बंधनकारक आहे, मग ते संमतीने असोत वा नसोत. न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात गर्भपातापुरती वाट काढली : मुलगी आणि तिच्या पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरने माहिती देताना तिचे नाव व ओळख उघड करण्याची गरज नाही. पालकांना कळू न देता आलेल्या मुलीला या सवलतीचा उपयोग नाही.

सेवा : राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम ७ जानेवारी २०१४ रोजी सुरू झाला. त्याखालील किशोरस्नेही केंद्रे महाराष्ट्रात ‘मैत्री’ नावाने ओळखली जातात. दूरध्वनीवर मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस (१४४१६) आणि संकटातल्या मुलांसाठी चाइल्डलाइन (१०९८) उपलब्ध आहेत.